मे महिन्यात मुलांना घेऊन नागपूर: मॉलला जोडलेलं हॉटेल घ्यावं का?

ताई, दोन लहान मुलं आणि सासूबाई सोबत आहेत म्हणता, तर मॉलला जोडलेलं हॉटेल नक्की घ्या. आमच्याकडचं ऊन साधं नाही. मे 2013 मध्ये पारा 47.9 वर गेला होता. फक्त फोनवर विचाराच, मधलं दार रात्री किती वाजता बंद होतं? भावाच्या लग्नात आम्ही अशाच एका हॉटेलात उतरलो, तर दहालाच कुलूप! झोपलेली पोर खांद्यावर, हातात तिची एकच चप्पल, अन् अख्ख्या इमारतीला वळसा. रस्ता तेव्हाही तापलेलाच. खोली मल्टिप्लेक्सच्या बाजूची नको, शेवटचा शो सुटला की सासूबाईंची झोपमोड. सीताबर्डीकडे मिळालं तर फारच छान. मेट्रोचे दोन्ही मार्ग तिथेच भेटतात, अन् सकाळी ऊन चढायच्या आत मुलांना महाराजबागेत नेता येतं.