मदत हवी आहे: मुक्काम जर्मनी, कागद कोल्हापूरचे. नाव आणि लिंगनोंद बदलायला सुरुवात कुठून करू?

नमस्कार मंडळी. मी ट्रान्समॅन (जन्माची नोंद मुलगी, पण मी पुरुष), मूळचा मंगळवार पेठेतला. सध्या श्टुटगार्टजवळ नोकरी, ब्लू कार्डवर (नोकरीसाठीचा युरोपियन राहण्याचा परवाना). आयडी नवीन काढलाय, कारण जुन्या आयडीला निम्मी कॉलेजची बॅच ओळखते.

इकडची बाजू बऱ्यापैकी मिटली आहे. जर्मनीत १ नोव्हेंबर २०२४ पासून नवा कायदा लागू झाला. नोंदणी कार्यालयाला तीन महिने आधी कळवायचं, मग समक्ष जाऊन सही करायची. डॉक्टरचा दाखला नाही की कोर्ट नाही. ब्लू कार्डवाल्या परदेशी माणसालाही ही सोय आहे. ऑफिस, बँक, आरोग्य विमा, सगळीकडे आता माझं खरं नाव आहे. अडलंय ते रेसिडेन्स कार्डपाशी. ते पासपोर्टवरच्या नावानेच निघतं आणि पासपोर्ट २०१७ चा: दोन वेण्या, लिंगाच्या रकान्यात एफ. आता मला दाढी आहे. विमानतळावरचा अधिकारी एकदा फोटोकडे बघतो, एकदा माझ्याकडे, मग पासपोर्ट नखाने खरवडून बघतो आणि शेजारच्याला हाक मारतो. मागची लाइन खोळंबते, लोक माना वर करून बघतात. जानेवारीत चुलतभावाच्या लग्नाला यायचंय, तेव्हा हे परत होणारच.

कायदा वाचलाय. आपल्याकडच्या २०१९ च्या ट्रान्सजेंडर हक्क कायद्यात कलम ६ खाली जिल्हाधिकारी ट्रान्सजेंडर म्हणून ओळख प्रमाणपत्र देतात, मूळ कायद्यात त्याला वैद्यकीय तपासणी लागत नव्हती. शस्त्रक्रिया झाली असेल तर कलम ७ खाली पुरुष किंवा स्त्री असं सुधारित प्रमाणपत्र मिळतं. अर्ज राष्ट्रीय पोर्टलवर ऑनलाइन. पण २०२० च्या नियमांत मेख आहे: अर्जदार त्या जिल्ह्यात सलग बारा महिने राहिलेला पाहिजे. आधारवर पत्ता पेठेतला आहे हो, पण मी तिथे लग्नकार्यापुरता असतो. माझ्यासारख्याने कुठल्या जिल्हाधिकाऱ्यांकडे जायचं?

दुसरी भीती घरगुती आहे. नावबदल म्हटलं की पेपरात जाहिरात द्यायची असं सगळे सांगतात. आई आणि दादाला सगळं माहीत आहे. आजोबांना नाही. आणि आजोबा 'पुढारी' वाचतात म्हणजे पहिल्या पानापासून जाहीर नोटिसांपर्यंत वाचतात, जमिनीच्या नोटिसांवर तर पेनाने खुणा करतात. त्यांना हे पेपरातून कळू नये, मी समोर बसून सांगेन.

हे कुणी परदेशात राहून केलंय का?

रिकामटेकडा: एवढा व्याप कशाला? जर्मन नागरिकत्व घेऊन मोकळा हो.

धागाकर्ता: त्यासाठी पाच वर्षं पूर्ण व्हायची आहेत, आणि भारतीय पासपोर्ट सोडायचा माझा विचार नाही.

कोर्टाची पायरी: वकील आहे, पण हा सल्ला फुकटचा, तेवढाच धरा. बारा महिन्यांची अट खरी आहे. आधारवर कोल्हापूर आहे म्हणून प्रतिज्ञापत्रात 'येथेच राहतो' असं ठोकून देऊ नका, खोटं प्रतिज्ञापत्र हा वेगळाच गुन्हा होईल.

तुम्ही आधी पासपोर्टचा रस्ता बघा. पासपोर्ट नियमांत लिंगनोंद बदलायला प्रतिज्ञापत्र आणि शस्त्रक्रिया केलेल्या हॉस्पिटलचा दाखला, अशी तरतूद पूर्वीपासून आहे. तुमची शस्त्रक्रिया झाली आहे का? प्रतिज्ञापत्रासाठी इथे यायची गरज नाही. १९४८ च्या कायद्याने आपल्या वकिलातीतल्या अधिकाऱ्यासमोर शपथ घेता येते, ते भारतात नोटरीइतकंच चालतं.

एक खड्डा दाखवून ठेवते. कुणीतरी सांगेल जर्मन कागदावर अपोस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून मारायचा शिक्का) मारून आण. भारत २००५ मध्ये अपोस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात आला तेव्हा जर्मनीने हरकत घेतली, म्हणून या दोन देशांत अपोस्टिल चालत नाही. आधी जर्मन अधिकाऱ्याकडून पूर्वप्रमाणन, मग आपल्या वकिलातीचा शिक्का. ज्याने पैसे घेऊन अपोस्टिल करून दिलं, तो परत देणार नाही.

धागाकर्ता: छातीची झाली आहे, इथल्याच हॉस्पिटलात. तेवढी पुरते का?

कोर्टाची पायरी: कलम ७ मध्ये 'लिंग बदलण्यासाठीची शस्त्रक्रिया' एवढंच म्हटलंय, नेमकी कोणती ते नाही. हॉस्पिटलकडून पत्र घेताना अवयवांची यादी मागू नका, 'लिंग-पुष्टीसाठीची शस्त्रक्रिया पूर्ण' असं वाक्य मागा. खाली वैद्यकीय प्रमुखांची सही असू दे, ऑपरेशन करणाऱ्या सर्जनची एकट्याची नको. वकिलातीला आधी ईमेल करून कोणते कागद लागतील ते लेखी घ्या. खिडकीवर दर वेळी वेगळा माणूस भेटतो.

सांगलीची ताई: भावा, मी ट्रान्सवुमन, माझे कागद झालेत. पेपरचं टेन्शन घेऊ नकोस. मी महाराष्ट्र राजपत्रात नाव बदललं, ऑनलाइन अर्ज केला, पेपरात जाहिरात द्यावी लागली नाही. राजपत्र सार्वजनिक असतं खरं, पण पारावर बसून राजपत्र वाचणारा आजोबा मी तरी पाहिला नाही. आणि कलम ७ मध्ये पहिलं नावच बदलायचा हक्क आहे. वडिलांचं नाव, आडनाव जागच्या जागी राहतं, त्यामुळे सातबाऱ्यावर वगैरे तू त्यांचाच.

आता हे नीट वाच. आधारमध्ये लिंग एकदाच बदलता येतं, नाव दोनदा. घाईघाईने टीजी कार्ड (ट्रान्सजेंडर ओळखपत्र) दाखवून आधारवर ट्रान्सजेंडर करून घेतलंस, तर पुढे पुरुष करताना अडकशील. तुला शेवटी काय हवंय ते ठरव, मग केंद्रावर बोटं टेकव. पॅनला फार त्रास नाही. दहावी-बारावी बोर्ड आणि विद्यापीठ सगळ्यात शेवटी. ते हळूच हलतात, आणि हातात केंद्र सरकारचा कागद असला की जरा ऐकतात.

धागाकर्ता: मला पुरुष हवंय, मधला थांबा नको. म्हणजे राजपत्र, मग वकिलातीतून पासपोर्ट, मग जानेवारीत आल्यावर आधार. पण पासपोर्टवाल्यांनी जिल्हाधिकाऱ्यांचं प्रमाणपत्रच आणा म्हटलं तर?

कोर्टाची पायरी: तर ते लेखी द्या म्हणा. तो कागद आणि तुमची परिस्थिती सांगणारा अर्ज घेऊन जानेवारीत विचारे माळावर सामाजिक न्याय भवनात जा, समाजकल्याण कार्यालय तिथेच आहे. अर्जात परदेशातल्या नोकरीचं सरळ लिहा आणि बारा महिन्यांच्या अटीतून सूट मागा. १५ एप्रिल २०१४ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल सोबत जोडा, लिंगओळख स्वतः ठरवायचा हक्क त्यात मान्य झालाय. नाही म्हणाले तर तेही लेखी. १८ ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच बसतंय, याचिकेसाठी मुंबईला खेटे घालायला नकोत. पण लेखी नकार हातात नसला की कोर्टात बाजू लंगडी पडते, म्हणून तोंडी उत्तरावर परत फिरू नका.

सांगलीची ताई: आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि नंबर घेतल्याशिवाय उठायचं नाही. जानेवारीत विचारे माळावर मी येते सोबत. तारीख कळव.

धागाकर्ता: ताई, तारीख मेसेज करतो. राजपत्राचा अर्ज आज रात्री भरायला घेतो.