आई आणि अकरा वर्षांच्या मुलासोबत मुंबईत तीन दिवस: काय घ्यावं, काय सोडावं?

मांजराकाठ:

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात लातूर एक्स्प्रेसने शनिवारी सकाळी सीएसएमटीला उतरतोय. मी, मिस्टर, सासूबाई (वय ६८, गुडघ्यांचा त्रास, पण सावकाश चालतात) आणि अकरा वर्षांचा मुलगा. मुक्काम दादर पश्चिमेला, सोमवारी रात्रीच्या गाडीने परत. हॉटेलची खोली दुपारी बारानंतरच मिळणार आहे.

घारापुरी, राणीबाग, म्युझियम, मरीन ड्राइव्ह आणि एखादं नाटक मनात आहे. मुलाला लोकलमध्ये बसायचंय, ते तर करायचंच. मॉल आणि सिनेस्टारचे बंगले नकोत. कोणत्या दिवशी काय ठेवावं? लोकलने फिरणं आईंना झेपेल का? खाण्याच्या जागाही सांगा.

---

चाकरमानी८२:

ताई, मुंबई उभी आहे. दक्षिणेकडून उत्तरेकडे लांबच लांब. त्यामुळे "काय बघायचं" यापेक्षा "कुठल्या वेळी कुठल्या दिशेला" हे आधी ठरवा. कामाच्या दिवशी सकाळी ८ ते ११ गर्दी सीएसएमटी-चर्चगेटकडे वाहते, संध्याकाळी साडेपाच ते नऊ उलटी. तिच्या विरुद्ध गेलात तर बसायला जागा मिळते, सोबत गेलात तर आईंना दारातून उतरणंसुद्धा अवघड.

तुमचे तीन दिवस नेमके अडचणीचे आहेत. रविवारी मेगाब्लॉक, सोमवारी घारापुरी बंद. कान्हेरी आणि बोरिवलीचं नॅशनल पार्कही सोमवारी बंद असतं. म्हणून घारापुरी करायची तर शनिवारी किंवा रविवारी, आणि रविवारी धक्क्यावर जत्रा असते. शनिवारच बरा.

मेगाब्लॉक म्हणजे रुळांच्या देखभालीसाठी रविवारी साधारण सकाळी साडेदहा-अकरा ते दुपारी तीन-चार काही मार्गांवर वाहतूक बंद किंवा वळवलेली. सेंट्रलवर फास्ट गाड्या स्लो रुळांवर येतात, हार्बरचा एखादा तुकडा पूर्ण बंद असतो. कुठे आहे ते शनिवारच्या पेपरात येतं. त्या दिवशी दादरहून खाली जायला मेट्रो ३ घ्या. ती आता आरे ते कफ परेड पूर्ण चालते. दादर मेट्रो रेल्वे स्टेशनला चिकटून नाही, पश्चिमेला थोडं चालावं लागतं. पण सरकते जिने आणि लिफ्ट असल्याने गुडघ्यांना हीच सोयीची. तिकीट वरच काढून ठेवा, भुयारात मोबाइल नेटवर्कच्या भरवशावर राहू नका.

आता लोकल. दादर ते सीएसएमटी सेकंड क्लासला ५ रुपये, फर्स्टला २५. एसीचं तिकीट वेगळं, साध्या तिकिटावर एसी लोकलमध्ये चढायचं नाही. फर्स्ट क्लासच्या डब्यावर लाल-पिवळे तिरके पट्टे असतात. घाईत त्यात शिरलात आणि टीसी भेटला तर भाड्याशिवाय किमान २५० रुपये दंड, "माहीत नव्हतं" चालत नाही. तिकीट काढल्यावर तासाभरात प्रवास सुरू करायचा. मोबाइलवर काढणार असाल तर हॉटेलमधून निघतानाच काढा, रुळांजवळ गेल्यावर अ‍ॅप नकार देतं.

मुलाला इंडिकेटर वाचायला शिकवा, त्याला मजा येईल. आधी गाडी कुठवर जाणार त्याचं अक्षर, मग फास्ट की स्लो, मग १२ डब्यांची की १५ ची, आणि किती मिनिटांत येणार. डब्यांचा आकडा लोक बघत नाहीत आणि फसतात. १५ डब्यांच्या जागी उभे असताना १२ ची आली तर सगळा फलाट धावत पुढे जावं लागतं, ते आईंना जमणार नाही. दुसरी चूक म्हणजे जवळ उतरायचं असताना लांबची फास्ट पकडणं. संध्याकाळी चर्चगेटहून विरार फास्टमध्ये बसून अंधेरीला उतरायचा बेत कोणी करू नये. डब्यातले लोक तुम्हाला ऐकवतात ते वेगळंच, पण मुळात दारापर्यंत पोहोचताच येत नाही.

दादरचे फलाट क्रमांक डिसेंबर २०२३ मध्ये बदललेत. वेस्टर्नचे १ ते ७ तसेच, सेंट्रलचे आता ८ ते १४. जुन्या ब्लॉगमध्ये "सेंट्रल तीन नंबर" असं वाचलं असेल तर ते विसरा.

आणि एकत्र राहायचं असेल तर चौघं जनरल डब्यातच चढा. लेडीज आणि जनरल अशी फाटाफूट केलीत तर कुठल्या स्टेशनवर उतरायचं ते चढण्याआधी ठरवा.

---

फोर्टातला:

वरचं सगळं बरोबर. घारापुरीबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण लोक पायऱ्यांना घाबरतात आणि खरी अडचण वेगळीच असते.

बोटी गेटवेहून साधारण नऊपासून सुटतात, जायला एक तास. धक्क्यावर उतरल्यावर छोटी रेल्वे आहे, ती पायथ्यापर्यंत नेते. पुढे सव्वाशेच्या आसपास पायऱ्या. दोन्ही बाजूंना दुकानं, वर ताडपत्रीची सावली, आणि डोलीही मिळते. डोलीचे पैसे बसण्याआधी ठरवा, जाऊन-येऊन की एकेरी तेही स्पष्ट बोला. म्हणजे पायऱ्यांवर तोडगा आहे.

तोडगा नाही तो बोटीत चढण्यावर. ओहोटीला पाणी खाली जातं, गेटवेच्या दगडी पायऱ्या शेवाळलेल्या असतात, बोट हलत असते. कधी दोन बोटी एकमेकींना लावून उभ्या असतात आणि पहिलीतून दुसरीत पाय टाकावा लागतो. खलाशी हात देतात, तरी गुडघ्यात वाकून उंच पाऊल टाकता आलं पाहिजे. भरतीच्या आसपासची वेळ साधली तर हे बरंच सोपं होतं. भरती-ओहोटीच्या वेळा पेपरात असतात. लाइफ जॅकेट घाला आणि मुलाच्या जॅकेटचे पट्टे खेचून बघा, मोठ्या मापाचं जॅकेट लहान मुलाच्या डोक्यावरून निसटतं.

वर माकडं आहेत. हातात पिशवी, वेफर्स, रंगीत सरबताची बाटली काही दिसता कामा नये.

मुख्य लेण्यात शिरल्यावर लगेच फोटो काढू नका. बाहेरच्या उन्हातून आल्यावर दोन मिनिटं काहीच दिसत नाही, डोळे सरावू द्या. मग दक्षिणेच्या भिंतीतला सदाशिव हळूहळू वर येतो, सुमारे २० फूट उंच. आपण ज्याला त्रिमूर्ती म्हणतो तो ब्रह्मा-विष्णू-महेश नाही, तिन्ही मुखं शिवाचीच. मधलं शांत. आपल्या डावीकडचं भैरवाचं, मिशा आणि कपाळाच्या आठ्यांसकट. उजवीकडचं वामदेवाचं, बायकी नाजूक, हातात कमळ. मुलाला आधी काही न सांगता "तिघांतला रागावलेला कोण" एवढंच विचारा.

परतीची बोट साडेतीनच्या आत धरा. शेवटच्या बोटींना रांग लांबते. घारापुरीहून आल्यावर सीएसएमटीला जाऊन सामान घ्या आणि मग दादर. सामान सकाळी स्टेशनच्या क्लोकरूममध्ये ठेवता येतं, लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या बाजूला चौकशी करा. प्रत्येक बॅगेला कुलूप लागतं, कुलपाशिवाय घेत नाहीत. प्रवासाचं तिकीट आणि ओळखपत्र जवळ ठेवा.

---

पियूष_एक_ग्लास:

मला हा शनिवार पटत नाही. रात्रभर गाडीत बसून आलेल्या ६८ वर्षांच्या बाईंना लगेच बोटीत आणि डोलीत घालायचं? घारापुरी रविवारी पहिल्या बोटीने करा, नऊला गेटवेवर असाल तर गर्दीच्या पुढे राहता. दादरहून टॅक्सी. रिक्षा शोधू नका, माहीम आणि शीवच्या दक्षिणेला रिक्षा येतच नाहीत. काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं किमान भाडं ३१ रुपये, पहिल्या दीड किलोमीटरचं. मध्यरात्रीनंतर पहाटे पाचपर्यंत पाव पट जादा.

शनिवारी सकाळी सामान ठेवून चालत धोबीतलावला जा, कयानी. १९०४ चं इराणी हॉटेल आहे. ब्रून मस्का (कडक पाव, आत लोणी) आणि चहा मागवा. ब्रूनचं कवच खडखडीत असतं, ते नुसतं चावायला गेलात तर हिरड्या सोलतात. चहात बुडवायचं, कवच मऊ पडून आतलं लोणी वितळायला लागलं की लगेच तोंडात. जास्त वेळ ठेवलं तर तुकडा कपाच्या तळाशी. आईंना मावा केक द्या.

दादरमध्ये तुम्ही खाण्याच्या बाबतीत राजे आहात. स्टेशनबाहेर मामा काणे. शिवसेना भवनासमोर आस्वाद, तिथे मिसळ आणि थालीपीठ. शिवाजी पार्ककडे प्रकाश, तिथे साबुदाणा वडा आणि पियूष. पियूष गोड आणि घट्ट असतं, जेवणानंतर नको, वड्यासोबत घ्या. शनिवार-रविवार सकाळी नऊ ते बारा या सगळ्यांबाहेर नाव लिहून उभं राहावं लागतं. साडेआठला जा किंवा दुपारी चारला. कीर्ती कॉलेजजवळचा वडापाव घेतलात तर सोबत चुरा मागून घ्या, तळणीतला कुरकुरीत बेसनाचा चुरा पावात भरून देतात.

फोर्टात रविवारी जेवायचा बेत करू नका. ऑफिसं बंद म्हणून खाणावळीही बऱ्याच बंद.

---

फोर्टातला:

@पियूष मुद्दा मान्य, रविवारी पहिली बोट चालेल. मग शनिवारी नाश्ता झाल्यावर सीएसएमटीची इमारतच नीट बघा, लोक तिच्यातून पळतात आणि तिला बघत नाहीत. रस्ता ओलांडून समोर उभे राहा. फ्रेडरिक स्टीव्हन्सचं काम, १८७८ ला सुरू होऊन दहाएक वर्षं चाललं. घुमटावर बाई उभी आहे, एका हातात मशाल, दुसऱ्यात चाक. फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह, एकीकडे वाघ: सिंह इंग्लंडचा, वाघ हिंदुस्थानचा. भिंतींवर माकडं, मोर, खारी शोधायला मुलाला लावा, अर्धा तास जाईल.

तिथून मरीन ड्राइव्हच्या टोकाला असलेल्या एनसीपीए या कलाकेंद्राकडे जाणारी ११५ नंबरची डबलडेकर असते. वरच्या मजल्याचा जिना अरुंद, आई खालीच बसू देत. एसी बसला किमान १२ रुपये. मरीन ड्राइव्ह शनिवारीच उरका, डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास बुडतो, साडेपाचला कठड्यावर जागा धरा. कठड्यापलीकडच्या सिमेंटच्या टेट्रापॉडवर मुलाला उतरू देऊ नका. घसरडे असतात आणि मधल्या फटी खोल.

---

मांजराकाठ:

सगळ्यांचे आभार. आई म्हणतात बोटीचं उंच पाऊल जमणार नाही, घारापुरी मुलगा आणि मिस्टर करतील. मग रविवारी आम्ही दोघींनी काय करावं? आणि सोमवार?

---

चाकरमानी८२:

रविवारी तुम्ही दोघी दादरमध्येच राहा. सकाळी फूलबाजार, मग सिद्धिविनायक. मंगळवारी तिथे उभं राहवत नाही, रविवारी सकाळी लवकर गेलात तर बरं. मेट्रोचं स्टेशनच त्या नावाचं आहे. दुपारी चारचं नाटक शिवाजी मंदिरला. जाहिराती पेपरात बघा, तिकीट ऑनलाइन किंवा थिएटरच्या खिडकीवर. प्रेक्षागृह वर आहे, जिना चढावा लागतो, म्हणून वीस मिनिटं आधी जा आणि तिकीट काढताना कडेची खुर्ची मागा. बाल्कनी घेऊ नका.

सोमवारी राणीबाग. ती बुधवारी बंद असते, सोमवारी उघडी. सकाळच्या गर्दीत सीएसएमटीकडे जाणारी गाडी धरू नका, अकरानंतर दादरहून स्लो लोकलने भायखळा. मुलाला आधी पेंग्विन, कारण तिथली रांग उशिरा वाढते.

---

फोर्टातला:

आणि राणीबागेशेजारी भाऊ दाजी लाड संग्रहालयाबाहेर दगडी हत्ती आहे, तो आईंना नक्की दाखवा. तो घारापुरीचाच. पोर्तुगीजांनी त्याच्यावरूनच बेटाला एलिफंटा म्हटलं. १८६४ मध्ये तो इंग्लंडला न्यायला निघाले, उचलताना क्रेन मोडली आणि त्याचे तुकडे झाले. १९१४ मध्ये ते जोडून इथे उभा केला. सांधे अजून दिसतात, जवळून बघा. घारापुरीचं काहीतरी आईंनाही बघायला मिळेल, बोटीशिवाय.

संध्याकाळी सामान घेऊन दादरहून सीएसएमटीला जाताना गर्दी तुमच्या उलट दिशेला असेल. तरी मोठ्या बॅगा असतील तर टॅक्सी करा आणि एक तास हातात ठेवा. लांब पल्ल्याच्या गाड्या ८ ते १८ फलाटांवरून सुटतात. पी. डि'मेलो रोडच्या बाजूने आत गेलात तर आईंचं चालणं वाचेल, टॅक्सीवाल्याला बसतानाच तसं सांगा.