नवीन सबवूफर: ब्रेक-इन खरंच लागतं का आणि डिकीत तोंड कुठं करायचं?

डिकीतला_दणका:
नमस्कार मंडळी, स्विफ्टमध्ये नवीन १२ इंची सब बसवून घेतलाय, पोर्टेड बॉक्स (हवेसाठी भोक म्हणजे पोर्ट असलेला) आणि मोनो अँप (एकाच चॅनेलचा अँप्लिफायर). बसवणारा म्हणाला पहिला महिनाभर हळूच वाजवा नाहीतर कोन (सबचा हलणारा पडदा) जाईल, मित्र म्हणतो असलं काही नसतं बिनधास्त वाजव. नक्की काय? आणि दुसरं, बॉक्स मागच्या सीटला चिकटून सीटकडेच तोंड करून ठेवलाय, ढोलताशाचं रेकॉर्डिंग लावलं तर ताशा कडक येतो पण ढोलाचा ठोका पोकळ. डिकी उघडून मागे उभं राहिलं की तोच ठोका छातीत बसतो. आत का नाही येत?

स्पायडर_अण्णा:
ब्रेक-इन असतं, पण त्याचा बाऊ नको. कोनच्या मागे घड्याघड्यांची कापडी चकती असते तिला स्पायडर म्हणतात, ती आणि कडेचा रबरी सराउंड नवीन असताना ताठ असतात. वाजून वाजून सैल होतात आणि सब जरा अजून खाली उतरतो, फरक थोडाच असतो. पहिले पंधरा दिवस मध्यम आवाजात रोजची गाणी वाजव, रात्रभर टोन लावून ठेवायची काही गरज नाही. सब जळतो तो बहुतेक वेळा क्लिपिंगने, म्हणजे अँपला झेपेना इतकं ताणलं की लाटेची टोकं कापली जातात त्याने. अँपवरचा गेन म्हणजे व्हॉल्यूम नव्हे, तो येणाऱ्या सिग्नलशी अँप जुळवायला असतो! बेस बूस्ट शून्यावर, आणि जळका वास आला की लगेच बंद. पोर्टेड आहे तर सबसॉनिक फिल्टर (अगदी खालच्या फ्रिक्वेन्सी कापणारा) बॉक्सच्या ट्यूनिंगच्या, म्हणजे पोर्ट ज्या फ्रिक्वेन्सीला जुळवलाय तिच्या, जरा खाली लावच, त्याखालच्या फ्रिक्वेन्सीला कोनला आवर घालायला बॉक्समधली हवा नसते, तो नुसता उसळतो.

कोल्हापुरी_बेस:
ठोका पोकळ येतोय ते जागेमुळे असणार भावा. ८० हर्ट्झची लाट साधारण ४.३ मीटर लांब, तिचा पाव म्हणजे मीटरभर. सब डिकीच्या दारापासून तेवढा लांब असला की दारावर आपटून येणारी लाट अर्धी लाट उशिरा येते आणि पुढं जाणाऱ्या लाटेला खाऊन टाकते, आणि ढोलाचा दणका साधारण त्याच पट्ट्यात असतो. बॉक्स फिरव, तोंड मागं, दाराच्या जितकं जवळ नेता येईल तितकं ने, म्हणजे लाट खाल्ली जाते तो खड्डा वरच्या फ्रिक्वेन्सीला सरकून सबच्या कामाच्या बाहेर जातो. फक्त पोर्टच्या तोंडासमोर निदान पोर्टच्या रुंदीइतकी मोकळी जागा ठेव, नाहीतर फुसफुसतो. लो-पास (वरच्या फ्रिक्वेन्सी कापणारा फिल्टर) ८० ला ठेवून तू ड्रायव्हर सीटवर बस आणि दुसऱ्याला फेज (सबची लाट सरळ की उलटी) ० आणि १८० करायला सांग, ज्यात ठोका भरीव वाटेल ते ठेव. डिकीपाशी उभं राहून ठरवू नकोस.

डिकीतला_दणका:
फिरवला! तोच ट्रॅक, तोच व्हॉल्यूम आणि ढोल आता सीटच्या पाठीतून जाणवतोय. फेज १८० ला जास्त चांगलं वाटलं. पण नंबर प्लेट थरथरतीये आणि पार्सल ट्रे पण.

स्पायडर_अण्णा:
प्लेटच्या मागे फोम टेप लाव, ट्रेच्या कडांना फेल्टची पट्टी. बॉक्स पट्ट्याने घट्ट बांध, अचानक ब्रेक मारला तर एवढं वजन थेट मागच्या सीटवर येतं, पण पत्र्याला भोकं पाडण्याआधी गाडीखाली वाकून बघ, पेट्रोलची टाकी तिथंच पुढं असते. आणि अँपच्या पॉवर वायरचा फ्यूज बॅटरीपासून हातभराच्या आत आहे ना, ते आजच बॉनेट उघडून बघ. नसेल तर बसवेपर्यंत बॅटरीवरची ती वायर काढून ठेव.