टपाल इंग्रजांनी दिलं म्हणे! पटतंय का?

घाटमाथ्यावरून (धागाकर्ता)
परवा फॅमिली ग्रुपवर आमच्या एका काकांनी टाकलं, इंग्रज आले नसते तर आपल्याला पत्र म्हणजे काय तेही कळलं नसतं. रेल्वेबद्दल म्हणाले असते तर ऐकून घेतलं असतं, पण टपाल?
मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता १३३३ च्या सुमाराला सिंधमध्ये आला, तो लिहितो की सिंधहून दिल्ली ५० दिवसांची वाट, पण बातमी सुलतानाला ५ दिवसांत पोचते. घोड्यावरची डाक वेगळी, पायी डाक वेगळी, आणि गंमत म्हणजे पायीवालीच जास्त जलद, कारण मैलाला तीन चौक्या. धावणाऱ्याच्या एका हातात पत्र, दुसऱ्या हातात दोन हात लांब काठी आणि तिच्या टोकाला तांब्याची घुंगरं. आवाज कानावर आला की पुढच्या चौकीवरचा गडी कंबर बांधून उभाच. महंमद तुघलक दौलताबादेला असायचा तेव्हा त्याला प्यायला गंगेचं पाणी यायचं, ४० दिवसांच्या वाटेवरून! म्हणजे आपल्या देवगिरीपर्यंत ही लाइन चालू होती. पुढे पेशवाईत पत्रं नेणारे जासूद, काशीद, उंटावरचे सांडणीस्वार होतेच. मग इंग्रजांनी नवीन केलं काय, तिकीट चिकटवलं?

कारकून_नाना
अहो पण ते गंगेचं पाणी प्यालं कोणी? सुलतानानेच ना. त्या थैलीत तुमच्या-माझ्या खापरपणजोबांचं एक तरी पत्र होतं का ते सांगा आधी. ती डाक नव्हे, राजाचे कान होते ते.
१७७४ मध्ये वॉरन हेस्टिंग्जने कंपनीची डाक पैसे भरून कोणालाही वापरायला दिली, तिथून खरी सुरुवात. तरी भाव बघा, १८३७ च्या कायद्यानंतर सुद्धा कलकत्ता ते मुंबई एका तोळ्याला १ रुपया, त्या काळचा रुपया! मग १८५४ ला डलहौसीच्या वेळी ठरलं की अंतर बघायचंच नाही, फक्त वजन बघायचं, हलकं पत्र असेल तर अर्ध्या आण्यात देशभर कुठेही. तिकीट चिकटवलं म्हणून तुम्ही हसताय, पण तोच तर सगळा खेळ आहे. पैसे आधी घेतले की मुक्कामी पोचल्यावर हुज्जत नाही.

घाटमाथ्यावरून
नाना, राजाचंच टपाल होतं म्हणता, मग पानिपत आठवा. नानासाहेब पेशवे उत्तरेकडे निघालेत, भाऊंची खबर नाही, आणि वाटेत हाती लागलं ते सावकाराच्या काशिदाकडचं पत्र. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा इंग्रज अंमलदार ग्रँट डफ लिहितो की तो पानिपताहून औरंगाबादेला नऊ दिवसांत पोचायच्या बोलीवर निघालेला होता. दोन मोत्ये गळाली, सत्तावीस मोहरा हरवल्या, रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणतीच नाही, ते हेच पत्र. म्हणजे पेशव्यांच्या आधी पेढीची डाक! राजाशिवाय चालणारी यंत्रणा आपल्याकडे होती, हुंड्या त्यावरच फिरायच्या. आणि तुमच्या त्याच १८३७ च्या कायद्याने पत्रं नेण्याचा मक्ता सरकारने स्वतःकडे घेतला, खाजगी डाक बेकायदा ठरवली. चालतं दुकान बंद करायचं आणि मग म्हणायचं दुकान आम्हीच काढलं.

कारकून_नाना
मुद्दा आहे, नाकारत नाही. पण सावकार म्हणजे पण रयत नव्हे हो. पेढीचा काशीद पेढी असेल तिथेच जाणार, आडगावच्या म्हातारीकडे कशाला जाईल? १८७९ ला पोस्टकार्ड आलं, एक पैसा, आणि १८८० ला मनीऑर्डर. गिरणगावातून कोकणात पैसे जायला लागले ते यामुळे. इंग्रजांचा हेतू बातम्या, पैसा आणि लष्कर हाच होता हे मान्य, पण हेतू वाईट म्हणून फायदा झालाच नाही असं कसं म्हणायचं?

फिरस्ता_७६
मधेच एक. अमेरिकेत पोनी एक्सप्रेस, म्हणजे घोडेस्वारांची डाक, एप्रिल १८६० ते ऑक्टोबर १८६१, जेमतेम दीड वर्ष चालली. मिसूरीतलं सेंट जोसेफ ते कॅलिफोर्नियातलं सॅक्रामेंटो, १० दिवसांत. सुरुवातीला अर्ध्या औंसाला ५ डॉलर! तारायंत्राची लाइन जोडली गेली आणि गाशा गुंडाळला. तेवढ्यावर त्यांनी पुतळे उभे केले, आपले हरकारे शतकानुशतकं पळाले, त्यांचं कोणाला काही नाही.

कारकून_नाना
फिरस्तेसाहेब, नवा धागा काढा की 😄

ओढ्याकाठची
मला तर फिरस्ता यांचंच बरोबर वाटतंय. तुम्ही दोघं तुघलक आणि डलहौसीवर भांडताय, पळत कोण होतं? माझे आजोबा रनर होते, स्वातंत्र्यानंतरच्या काळातले, घाटाखालच्या पोस्टातून वरच्या तीन गावांची थैली न्यायचे. लाखेचं सील असलेली कॅनव्हासची थैली, हातात भाला आणि भाल्याला घुंगरं. जनावरं लांब जावीत म्हणून घुंगरं असं ते म्हणायचे, पण आजी म्हणायची की त्या आवाजावरूनच गावाला कळायचं आणि बायका उंबऱ्यात येऊन उभ्या राहायच्या, मुंबईचे पैसे आले का म्हणून. पावसात ओढा चढला की घोंगडीत थैली गुंडाळून डोक्यावर घ्यायचे, स्वतः चिंब. आणि आजोबांना वाचता यायचं नाही! थैलीत काय आहे ते त्यांना कधीच माहीत नसायचं. त्यामुळे हे कोणी दिलं यापेक्षा कोणाच्या पायावर चाललं ते लिहा की कोणीतरी.

घाटमाथ्यावरून
ताई, हे आधी यायला हवं होतं, मी धागाच वेगळा काढला असता. म्हणजे इब्न बतूताच्या काठीवरची घुंगरं तुमच्या आजोबांच्या भाल्यापर्यंत आली, मधे किती राजे बदलले तरी. (नाना, हे काही तुमच्या मुद्द्याचं उत्तर नाही, पोस्टकार्डाचं मी मानलं.)

कारकून_नाना
मानलं ना, झालं तर मग. ताई, तो भाला आहे का हो अजून घरात? फोटो टाका.

ओढ्याकाठची
नाही हो. सरकारी माल होता, रिटायर झाले त्या दिवशी जमा करून घेतला, थैलीसकट. त्याची पावती मात्र आजीने देवाच्या फोटोमागे जपून ठेवली होती, ती आहे. सापडली की टाकते.