आधी साठवणीची खोली ठरवा

नागपुरात विद्यापीठाचं समकालीन कला संग्रहालय कसं बांधावं, या चर्चेत एकाने इमारतीला दर्शनी बाजूने पूर्ण काच सुचवली आहे. इथे ती पश्चिमेकडे आली तर मे महिन्याच्या ४५ अंशांत नुसत्या विजेच्या बिलानेच विद्यापीठाचं कंबरडं मोडेल. शिवाय जलरंगांना, कागदावरच्या कामांना ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं माप) आसपासच प्रकाश सोसतो. काच प्रवेशापुरती ठेवा, दालनांना भिंती द्या.

माझा जीव मात्र साठवणीच्या खोलीत अडकलाय. संग्रहातलं थोडंच भिंतीवर लागतं, बाकी वर्षानुवर्षं आत असतं. आपल्याकडे एप्रिलमध्ये हवा खडखडीत कोरडी आणि जुलैत दमट. या चढउतारानेच कॅनव्हास ताणतो-सैलावतो, रंगाला तडे जातात, मग बुरशी. तिथे कृपा करून कूलर लावू नका, तो ओलावाच आत फेकतो. तळघरही नको. मालाची लिफ्ट आणि दारं मोठ्या शिल्पांच्या मापाने नकाशातच घ्या, नाहीतर पुढे भिंत फोडावी लागते.

१८६३ सालचा अजब बंगला, म्हणजे नागपूरचं जुनं वस्तुसंग्रहालय, पुरातत्त्व आणि निसर्गेतिहास सांभाळतोय. पण अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे १९२४ साली याच शहरात जन्मले, तेव्हा समकालीन चित्रांनाही इथे हक्काचं घर हवंच. आणि त्यात विद्यार्थ्यांना एखादं चित्र मागवून तासभर जवळून बघता येईल अशी अभ्यासखोली असावी.