कॅराकेटला एक दिवस पुरेल काय?

प्रश्न (धंतोली, नागपूर):
मुलगी कॅनडातील न्यू ब्रन्सविक प्रांतात, मॉंक्टन येथे नोकरीस आहे. ऑगस्टमध्ये आम्ही उभयता तिच्याकडे जाणार असून, प्रांताच्या उत्तरेला शालूर उपसागराकाठी वसलेले कॅराकेट हे अकेडियन लोकांचे मासेमारीचे गाव पाहण्याचा विचार आहे. सकाळी निघून रात्री परतणे जमेल काय? सौ. शुद्ध शाकाहारी आहे.

उत्तर १:
मोटारीने एका बाजूला साधारण तीन तास लागतात, त्यामुळे मुक्काम करावाच, आणि तोही शक्यतो १५ ऑगस्टला. ब्रिटिश राजाशी बिनशर्त निष्ठेची शपथ घेण्यास नकार दिल्यामुळे १७५५ पासून ज्या फ्रेंचभाषक शेतकरी-कोळ्यांना घरेदारे जाळून देशोधडीला लावले गेले, त्यांच्या वंशजांनी १८८१ मध्ये मेमरामकूक येथील अधिवेशनात हा दिवस आपला राष्ट्रीय दिन ठरवला. त्या दिवशी भांडी, शिट्ट्या, घंटा, जे हाती लागेल ते वाजवत सारे गाव रस्त्यावर उतरते. याला ‘तँतामार’ म्हणतात. मला आपली मारबतच आठवली. मात्र आपण गोंगाट करतो तो इडापिडा घालवण्यासाठी, आणि ते करतात तो ‘आम्ही अजून इथेच आहोत’ हे सांगण्यासाठी.

गावाच्या पश्चिमेला, मोटारीने थोड्याच अंतरावर, ऐतिहासिक अकेडियन खेडे आहे. जुनी घरे मूळ जागेवरून हलवून तिथे उभी केली असून, १७७० ते १९४९ पर्यंतचे जीवन त्या-त्या काळच्या पोशाखातील माणसे प्रत्यक्ष कामे करून दाखवतात. लोहाराच्या भात्याजवळच आमचा तास गेला, म्हणून या खेड्यासाठी वेगळा दिवस ठेवावा.

उत्तर २:
वहिनींसाठी एक सावधगिरी. ‘पुतीन’ म्हटले की क्वेबेकचे बटाट्याचे काप आणि चीज डोळ्यांसमोर येते, पण येथील ‘पुतीन रापे’ म्हणजे किसलेल्या बटाट्याचा उकडलेला गोळा असून त्याच्या पोटात खारवलेले डुकराचे मांस असते. ‘फ्रिको’ हा रस्साही बहुधा कोंबडीचाच असतो. (सावजी खाणाऱ्याला तो फारच मवाळ वाटेल, हे आपले जाता जाता.) फराळ सोबत न्यावा. आपण स्वतः मासे खात असाल तर खेकडा आणि कालवे सोडू नयेत. बोलणे फ्रेंचमध्ये चालते, परंतु प्रांत अधिकृतपणे द्विभाषिक असल्याने इंग्रजीवर निभावते.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. दोन मुक्काम ठरवले. मिरवणुकीत वाजवायला घरूनच झारा आणि लहान गंज नेण्यास सौ. तयार झाली आहे.