टर्बोचं ऑइल, फीड, रिटर्न आणि गळती: आपापले अनुभव लिहा

टर्बो (सायलेन्सरकडे जाणाऱ्या गॅसवर फिरून इंजिनात जास्त हवा दाबणारा पंखा) बदलला तरी ऑइल गळतंच आहे हे रडगाणं सारखं कानावर येतं म्हणून हा धागा. सुरुवातीलाच एक सांगून टाकतो, टर्बोच्या शाफ्टला क्रँकसारखं रबरी ऑइल सील सहसा नसतंच. पिस्टन रिंगसारख्या बारीक रिंगा असतात, त्यांचं मुख्य काम म्हणजे बाहेरचा गॅस कोअरमध्ये, म्हणजे टर्बोच्या मधल्या बेअरिंगच्या भागात, घुसू न देणं. ऑइल आत राहतं ते खाली मोकळी वाट असते म्हणून. त्यामुळे "सील गेलं" असं कोणी म्हटलं की मला आधी शंकाच येते. तुम्हाला काय काय सापडलं ते लिहा. कंपन्यांची नावं नकोत, भांडणं होतात.

* * *

गॅरेज आहे माझं, त्यामुळे बाहेर नवीन टर्बो बसवून झालेल्या आणि तरीही निळा धूर टाकणाऱ्या गाड्या येत असतात. मी टर्बोला हात लावायच्या आधी रिटर्न पाइप (टर्बोतून ऑइल खाली इंजिनात परत नेणारा, ड्रेन) काढतो. एका गाडीत पाइप बाहेरून एकदम चकाचक आणि आतला रबराचा थर फुगून भोक निम्मं झालेलं, दुसऱ्या एकीत ड्रेनच्या फ्लँजला कोणीतरी गॅस्केटवर सिलिकॉन चोपडलेलं ते दाबून आत आलेलं आणि अर्धी वाट बंद. लोकांच्या लक्षात येत नाही की ऑइल आत जातं पंपाच्या प्रेशरने आणि बाहेर येतं नुसतं स्वतःच्या वजनाने, तेही फेस झालेलं असतं, म्हणून तर फीड पाइप बारीक आणि रिटर्न जाडजूड असतो. ती वाट तुंबली की ऑइल कोअरमध्ये साठतं आणि रिंगांतून निघतं, कॉम्प्रेसरकडे (हवा दाबणारी बाजू) किंवा सायलेन्सरकडे. नवा टर्बो टाका नाहीतर सोन्याचा टाका, तेच होणार. सिलिकॉन ऑइलच्या फ्लँजला अजिबात नको, फीड लाइनला तर त्याहून नको, तुकडा सुटला की थेट बेअरिंगमध्ये.

* * *

दादा बरोबर. फक्त ब्रीदर, म्हणजे इंजिनच्या खालच्या चेंबरमधली वाफ बाहेर सोडणारी वाट, राहिला त्यात. रिटर्न साफ, उतार छान, तरी गळत होतं, चालू इंजिनवर ऑइलचं झाकण उघडलं तर भकाभका वाफ. चेंबरमध्येच प्रेशर असेल तर वरून ऑइल उतरणार कसं? ब्रीदरचा व्हॉल्व्ह चोक होता, तो बदलला आणि गळती बंद. पण इंजिनच्या पिस्टन रिंगा घासल्याने ब्लो-बाय (सिलिंडरमधला गॅस खाली चेंबरमध्ये येणं) असेल तर मग इंजिनच उघडावं लागतं, त्याला इलाज नाही.

* * *

मी प्रोजेक्ट गाडीवर बॉल बेअरिंगचा टर्बो लावलाय. याला ऑइल कमी लागतं, फुल आरपीएमला साधारण ४०-४५ पीएसआय प्रेशर पुरे, म्हणून फीडला रिस्ट्रिक्टर (ऑइल कमी सोडणारा बारीक भोकाचा तुकडा) आहे, भोक १ मिमीच्या आसपास. त्याशिवाय चालवला असता तर इतकं ऑइल घुसलं असतं की ड्रेनला झेपलं नसतं. आणि बसवताना कोअर फिरवून ड्रेनचं तोंड सरळ खाली केलं, उभ्या रेषेपासून ३५ अंशापर्यंत तिरकं चालतं म्हणतात पण मी तेवढंही ठेवलं नाही. रिटर्न चेंबरमध्ये जिथे उघडतो ती जागा ऑइलच्या लेव्हलच्या वरच हवी. टर्बो खालीच बसणार असेल तर ऑइल खेचायला वेगळा स्कॅव्हेंज पंप लागतो.

* * *

माझा जर्नल बेअरिंगचा आहे आणि गळतोय, मग मी पण टाकू का रिस्ट्रिक्टर?

* * *

नको रे बाबा. जर्नलमध्ये शाफ्ट ऑइलच्या पातळ थरावर तरंगत फिरतो, मिनिटाला १ लाखाच्या वर फेरे, आणि गार करायचं कामही तेच ऑइल करतं. उपाशी ठेवलास तर गळती थांबेल आणि टर्बोही थांबेल. आधी रिटर्न बघ, मग ब्रीदर, मग एअर फिल्टर.

* * *

एअर फिल्टरचं नाव निघालं म्हणून. आमचा जनरेटर तासन्तास हलक्या लोडवर चालायचा, त्यात फिल्टर धुळीने गच्च. बूस्ट (टर्बोने दाबलेल्या हवेचं प्रेशर) नाही आणि वरून कॉम्प्रेसरच्या तोंडाशी खेच, ऑइल त्या बाजूने ओढलं जायचं. फिल्टर बदलला आणि लोड देऊन चालवायला लागलो तर पाइप कोरडे.

* * *

गळतीला हसण्यावारी नेऊ नका एवढंच सांगायला आले. डिझेल गाडी, चढावर अचानक रेस वाढायला लागली, पाय काढला तरी वाढतेय, मागे नुसता धूर आणि चावी बंद केली तरी इंजिन चालूच! इनटेकमधून आलेल्या ऑइलवरच चालत होतं ते. भाऊ चालवत होता, त्याने ब्रेक गच्च दाबून टॉप गिअर टाकला आणि क्लच सोडला तेव्हा कुठे बंद पडलं. ऑटोमॅटिकला असं जमत नाही, तिथे हवेचं तोंड बंद करणे हाच मार्ग, पण हाताने नाही, फळी वगैरे काहीतरी सपाट. नंतर नव्या टर्बोबरोबर इंटरकूलर (टर्बोतून येणारी गरम हवा गार करणारा) आणि सगळे पाइप धुवून घेतले, आत साठलेलं ऑइल तसंच ठेवलं असतं तर पहिल्याच स्टार्टला परत तोच तमाशा.

* * *

ताई, बापरे. आता उलट केस सांगतो, ऑइल न पोचण्याची. फीडच्या बँजो बोल्टमध्ये (आतून ऑइल जाणारा पोकळ बोल्ट) काही इंजिनांना बारीक जाळी असते, ती काजळीने बुजते आणि नवा टर्बोही लगेच आवाज करायला लागतो. टर्बो बदलताना फीड पाइप आणि तो बोल्ट नवेच घ्यायचे, पाइप आतून साफ करत बसण्यात अर्थ नाही, कार्बन पूर्ण निघत नाही. तांब्याचे वॉशरही नवे. आणि सेल्फ मारायच्या आधी वरच्या भोकात स्वच्छ ऑइल ओतून शाफ्ट हाताने फिरवायचा, मग डिझेल बंद ठेवून सेल्फ मारत राहायचं रिटर्नला ऑइल दिसेपर्यंत, मधे मधे थांबून, नाहीतर सेल्फ जळेल. दामटवलेली गाडी लगेच बंद करू नका, थोडी आयडलला ठेवा, त्या काजळीचं मूळ बऱ्याचदा तिथेच असतं.

* * *

इंटरकूलरच्या पाइपमध्ये नुसता ओलसर थर आहे, धूर नाही, लेव्हल पण उतरत नाही. टर्बो गेला का?

* * *

नाही. ब्रीदरची वाफ तिकडेच जाते, तेवढा थर येतोच. पाइप काढलाच आहेस तर शाफ्ट हलवून बघ, आडवा किंचित प्ले (ढिलेपणा) चालतो, पुढे-मागे जाणवला तर मात्र कोअर गेला. नसेल तर पुसून बसव आणि पुढच्या सर्व्हिसला परत बघ.